जनाची मेंढी आणि माझा वाफा

जने, काल तुझा दहावा झाला आणि कावळा शिवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास. कुणाच्याही दहाव्याहून आलीस की चप्पल काढायच्या आधी दारातून ओरडायचीस, "शालन, शिवला गं! लगीच शिवला!" जसा काही पोराचा दहावीचा निकाल लागलाय. तुझा निकाल मात्र त्यांनी राखून ठेवला बघ.

का शिवला नाही ते मला ठाऊक आहे. मला एकटीलाच. पण ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. तू म्हणायचीस ना, "तुला जुन्नरला जायचं आसलं तरी तू काशीवरनं जातीस." म्हणायचीस ते खरंच होतं.

आपली दारं समोरासमोर. ओतूरच्या स्टँडमागची ही तीन मजली बिल्डिंग, आपण दुसऱ्या मजल्यावर, वरती चेअरमन आणि त्यांच्या वर गच्ची. तू राहायला आलीस त्या दिवशी मी दार लोटूनच घेतलं होतं. तासाभरानं तूच कडी वाजवलीस आणि म्हणालीस, "वळाकलं न्हाईस? मी जना. तुमच्या मळ्यात मेंढरं बसायची, त्या भिवा धनगराची."

ओळखलं होतं गं. जिन्यातल्या आवाजावरूनच ओळखलं होतं. पिंपरी पेंढारला बाजरी निघाली की तुझा बाप मेंढरं घेऊन यायचा. संध्याकाळी रिकाम्या वावरात वाघर लावायची, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि रात्रभर लेंड्या-मूत जमिनीला. दोन दिवसांनी वाघर पुढं सरकायची. असं करत सगळं वावर खतावून निघायचं. मेंढरं बसवणं म्हणतात आमच्यात त्याला. तू वाघरीच्या आत कोकरू घेऊन बसलेली असायचीस आणि मी बांधावर. एकदा तू मला ते कोकरू धरायला दिलंस. त्याचं काळीज कसं धडधडत होतं ते अजून माझ्या हाताला आठवतंय. आठ-पंधरा दिवस तुम्ही आमच्या वावरात असायचात, आणि मी तुला एकदाही घरात ये म्हणाले नाही. आई काय म्हणेल, हे एक, आणि मलाही सुचलं नाही, हे दुसरं. पुढं इतकी वर्षं समोरासमोर राहिलो, हजार गोष्टी बोललो. ही बोलायची राहिली. तूही कधी काढली नाहीस.

भांडलो मात्र पोटभर. आपलं मुख्य भांडण म्हणजे कोण कुणावर उपकार करत होतं. मी म्हणायची, "माझा बाप तुम्हाला वावरात बसू द्यायचा." की झालंच, तू कमरेला पदर खोचायचीस.

"बसू द्यायचा? आगं पाटलीणबाई, तुजा बा सायकलीवर तीन गावं हुडकत यायचा. 'भिवा, औंदा आमच्यात बसव रं बाबा' म्हनून दारात उभा ऱ्हायचा. बोलावल्याबिगर आमची मेंढरं कुनाच्या वावरात बसली न्हाईत!"

"धान्य कोण द्यायचं मग?"

"आनि त्ये धान्य पिकलं कशावर?"

मग मी म्हणायची, चल, चहा उतू जाईल. हे भांडण अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस असं होत नाही.

गच्चीवर पहिली मी गेले. मालक गेल्यावर घर खायला उठायचं. भावाच्या मळ्यातून चार पोती माती आणवली, विटा लावल्या, खाली प्लॅस्टिकचा कागद घातला आणि वाफा केला. वांगी, मेथी, शेपू. तू वर येऊन बघितलंस आणि पोट धरून हसलीस. "पाच एकराच्या मालकिनीनं अंथरुणाएवढं वावार केलं!" हसलीस खरी, पण आठ दिवसांत तुझीही सिमेंटची पोती आली, कापलेले डबे आले, कुणीतरी टाकून दिलेला फ्रिजसुद्धा आडवा होऊन मातीनं भरला. त्या फ्रिजात तू जी पालक काढलीस, तशी पालक मी बाजारातही बघितली नाही.

मग ती भुरी आली. तुझ्या भावाच्या मेंढरांच्या वाड्यावर बिबट्या दोनदा येऊन गेला होता. होती नव्हती ती मेंढरं त्यानं विकून टाकली आणि एक मेंढी मागं राहिली, ती तू टेम्पोत घालून घेऊन आलीस. अख्खा जिना तिला पुढून ओढत आणि मागून ढकलत वर चढवलंस. प्रत्येक मजल्यावर ती थांबली आणि प्रत्येक मजल्यावर तिनं लेंड्या टाकल्या. मी सोसायटीची सेक्रेटरी. मला चेव आला. त्याच दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लावली, सुवाच्य अक्षरात: गच्चीवर मेंढी बसवण्यास सक्त मनाई आहे.

तू तुझ्या पोराकडून, संतोषकडून, ती वाचून घेतलीस आणि मीटिंगला येऊन म्हणालीस, "बसवायला मनाई हाय ना? मंग उभी ऱ्हाईल." सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "जनाबाई, मेंढीची जागा मळ्यात." तू म्हणालीस, "मळ्यात बिबट्या हाय, राव. हितं गच्चीवर यायचं म्हंजी त्याला तुमच्या दारावरनं यावं लागंल. तुमाला बघून त्योच माघारी जाईल." चेअरमनच इतके हसले की ठराव बारगळला. नोटीस पुढं पावसानं धुऊन गेली. मी दुसरी लावली नाही, पण मागेही घेतली नाही, हो.

मी तिला नावं ठेवायची थोडी सोडली? "द्राक्षावर रोग पडतो ती भुरी निदान फवारून जाते, ही आमच्या बिल्डिंगीवर पडली ती जातच नाही," असं मी चारचौघींत म्हणाले. तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन आलीस आणि म्हणालीस, "भांडायला बी कोन न्हाई गं, घे." मी ताक घेतलं. चुकले, असं म्हणायला हवं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही. ताक चांगलं झालंय म्हणाले.

गच्चीवर तू तुझ्या बापाचीच रीत चालवलीस. जुन्या वाघरीचा तुकडा चार काठ्यांना बांधायचा, मोकळ्या झालेल्या वाफ्यावर तो लावायचा आणि दोन-तीन रात्री भुरीला त्यात बसवायची. मग माती उलथायची, चार दिवस मोकळी सोडायची आणि बी टाकायचं. एका मेंढीचा वाडा! तुझी मेथी कोपरभर व्हायची आणि सबंध बिल्डिंगला पुरायची. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला डोहाळे लागले तेव्हा तिला तुझ्याच वाफ्यातला आंबट चुका हवा होता.

आणि माझा वाफा? दुकानातलं खत घालून घालून माती नुसती विटकरीसारखी झाली. वांगी बोराएवढी. मी शेतकऱ्याची पोर, तू मेंढक्याची, आणि पीक तुझ्याकडं. शेजारी शेजारी वाफे, मधे हातभर जागा, पण तू भुरीला माझ्या वाफ्यात कधी बसवलं नाहीस. एकदा मी आडून सुचवलं, "हिला जरा इकडं सरकव की." तर तू म्हणालीस, "सरकवू कशी? बोलावनं लागतं. तुजा बा बोलवायचा. तू नुसतं म्हन, जने, माझ्यात बसव. बोलावन्याचा नारळ बी नगं."

एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते म्हटले की आपलं मोठं भांडण मी हरले असते, म्हणून मी म्हटले नाहीत. "गच्ची सोसायटीची आहे, तिथं कसलं बोलावणं?" म्हणाले आणि बोराएवढी वांगी भरून खाल्ली. खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर तू मेल्यावर गेली, पण ते पुढं सांगते.

त्याच्याआधी पाण्याचं सांगू दे. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही आणि तूही नाही सांगितलीस. त्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं. आलं तेव्हा मी पाइप वाफ्यात टाकला आणि माहेरच्या सवयीनं दारं धरायला लागले. वावरात कसं, वाफा तोंडोतोंड भरेपर्यंत पाणी सोडायचं आणि मग दुसऱ्या वाफ्याला वळवायचं. खाली काळी जमीन नसून चेअरमनची बेडरूम आहे, हे काही डोक्यात आलं नाही. मी आपली खुरप्यानं माती सारत, वाकून, तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. खालून आरडाओरडा झाला तेव्हा कळलं. चेअरमनच्या पंख्यातून धार लागली होती.

ते लुंगीवर तरातरा वर आले. माझ्या हातात पाइप. आणि तू, पोत्यावर बसलेली, जागची न हलता म्हणालीस, "ह्या भुरीनं पाइप वढला वो भाऊ. मघाशी दाव्यातनं सुटली व्हती. शालननं धावून पकाडला म्हनून बरं, न्हाईतर तुमी व्हावून गेला आसता." चेअरमननी भुरीकडं बघितलं. भुरी रवंथ करत होती. ते तिलाच चार शब्द बोलून निघून गेले. नंतर आपण टाकीच्या मागं बसून हसलो. हसून हसून मला खोकला लागला आणि तू पाठीवर थापट्या मारत राहिलीस. जने, त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की आता बोलवावं हिला. तुझा हात पाठीवर होता तोवर शब्द ओठावर आला होता. तू हात काढलास आणि मी म्हणाले, चल, ऊन लागतंय.

तू गेलीसही कशी, दुपारचा चहा माझ्याकडं घेऊन, कप विसळून. "जरा पडते" म्हणालीस आणि पडलीस ती पडलीसच. कुणाला उठवलं नाहीस, कुणाला धावायला लावलं नाहीस. रडले मी, खूप रडले. पण तुझ्या मरणाला नावं ठेवायला मला जागा सापडली नाही. एरवी मी कशालाही ठेवते.

सुतकात भुरीचं मीच बघत होते. संतोष चाकणवरून सगळी माणसं घेऊन आला होता, घर भरलेलं, मेंढीकडं बघायला कुणाला वेळ होता? पण पाहुण्यांची कुजबुज माझ्या कानावर आली. संतोषच्या दोन खोल्यांत मेंढी मावत नाही. तुझ्या भावाकडं न्यावी तर बिबट्या. शेवटी संतोषनं ओतूरच्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलं होतं. दहावा झाला की दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जा म्हणून. पोराचा दोष नाही गं. तो तरी काय करील? पण व्यापारी म्हातारी मेंढी कशाला नेतो, हे धनगराच्या लेकीला सांगायला नको.

काल मांडवी नदीच्या कडेला सगळे जमले. प्रवचन झालं. पिंड ठेवला. तुला आवडतं म्हणून मी वांग्याचं भरीत नेलं होतं, तेही पानावर वाढलं. सगळे मागं सरून उभे राहिले. झाडावर एक कावळा नाही! एक आला, लांबून बघितलं आणि गेला. मग सुरू झालं. संतोष हात जोडून म्हणाला, "आई, ताईचं माहेरपण चुकवणार नाही." काही नाही. तुझा भाऊ म्हणाला, "जने, खंडोबाची जत्रा चुकवनार न्हाई." काही नाही. सूनबाई म्हणाली, "तुमची बोरमाळ मोडणार नाही." तरी काही नाही. ऊन चढायला लागलं. मागून कुणीतरी बोललं, "म्हातारीचा जीव मेंढीत आडाकलाय." संतोषनं मान खाली घातली. मेंढीचा शब्द कोण देणार?

माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी सेक्रेटरी, मी नोटीस लावणारी. मी पदर तोंडावर धरला होता. मेंढी ठेवते म्हणावं तर सोपं होतं, पण मला कळत होतं की तुला तेवढ्यानं पुरायचं नाही. तुला पुरं बोलावणं लागतं. मग मी पुढं झाले आणि काय आवाज लागला माझा, मलाच कळलं नाही. "जने, ये! माझ्यात बसव! मी बोलावते तुला. आधीच बोलवायला हवं होतं, तेव्हा पिंपरी पेंढारलाच, घरात. चुकलं माझं. ये आता."

एक बाई दुसरीला म्हणाली, "काय म्हनली गं?" दुसरी म्हणाली, "जवळची व्हती ती." आता येईल, आता येईल म्हणून मी झाडाकडं बघत होते. इतकी वर्षं आवळून धरलेला शब्द चारशे माणसांत सोडला, आणि कावळा? नाहीच आला! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि माणसं जेवायला बसली.

घरी आले, अंघोळ केली आणि भुरीला पाला घालायला वर गेले. तर जने, टाकीवर कावळे, कठड्यावर कावळे, तुझ्या फ्रिजावर दोन. ओतुरातले झाडून सगळे कावळे तिथं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू रोज सकाळी त्यांना भाकरी कुस्करून घालायचीस. तू गेल्यापासून दहा दिवस मीच घालत होते, तुझी रीत मोडू नये म्हणून. आणि काल, दहावा म्हणून, निघायच्या आधी मी त्यांना दुप्पट घातली होती. वर भरीत! पोटं टम्म फुगवून बसले होते मेले. ते कशाला येतात मांडवीला पिंड शिवायला?

मी तिथंच खाली बसले आणि हसले. रडतही होते, पण हसणं जास्त होतं. तुझं काही म्हणजे काही राहिलेलं नव्हतं. तू तृप्त होतीस, कावळे तृप्त होते. उगाच माझ्याकडून वदवून घेतलंस.

संध्याकाळी संतोष वर आला. माझ्या शेजारी पोत्यावर बसला, अगदी तुझ्यासारखा, पाय लांब करून. म्हणाला, "काकू, तुम्ही शब्द दिलात, पण कावळा काही शिवला नाही. म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात. तुम्हाला या वयात कशाला त्रास? उद्या तो माणूस येईल, मी देऊन टाकतो."

बघ कशी सोय झाली होती. मी मान हलवली असती तर विषय संपला असता. गच्ची धुऊन निघाली असती, चेअरमन खूश, जिन्यात लेंड्या नाहीत. कावळ्याचं बंधन नव्हतं, कुणाचं दडपण नव्हतं. मी जे काही म्हणणार होते ते आता माझं मी म्हणणार होते.

"संतोष," मी म्हणाले, "त्याला फोन कर आणि येऊ नको म्हणून सांग. मेंढी माझ्या वाफ्यात बसलीय. बोलावून बसवलेली मेंढरं आमच्यात मधेच उठवत नाहीत."

मग त्यानं फोन काढला आणि कठड्याकडं जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्यानं वाघरीच्या काठ्या उचलल्या आणि विचारलं, "कुठं लावू?" मी जागा दाखवली. गाठी त्यानं तुझ्यासारख्याच मारल्या. तुझं काही वाया गेलेलं नाही, जने.

आता आज सकाळचं. मी वर गेले तर भुरीनं वाघरीतून मान बाहेर काढून माझी उरलीसुरली चार वांग्याची रोपं बुडख्यापासून खाल्लेली. चार! मी तिला जे बोलायला सुरुवात केली ते पार तुझ्या बापापर्यंत पोचले. बोलावलं म्हणून काय डोक्यावर बसायचं? हीच का तुमची रीत? धान्य कोण द्यायचं? सगळं काढलं, जुनं नवं. तुझं नाव घेऊन घेऊन भांडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

खालून खिडकी उघडल्याचा आवाज आला. चेअरमन. "शालनताई, सकाळी सकाळी कुणाशी भांडताय?"

मी कठड्यावरून वाकून सांगितलं, "जनाबाईशी."

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. मग ते म्हणाले, "बरं, बरं. चालू द्या."